विचित्र पण खरं

रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये लावल्या की त्या दहा मिनिटं गरगर फिरतात. लाल रक्त खाली बसतं, पिवळसर पाणी वर येतं, मग पुढची तपासणी. त्या दहा मिनिटांत मला काहीच काम नसतं. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका लॅबमध्ये मी सतरा वर्षं लोकांची रक्तं काढते आहे आणि त्यातली निदान आठ वर्षं ही दहा मिनिटं मी मोबाइलवर गमतीजमती शोधण्यात घालवली. कुठल्या तरी देशातली बकरी रोज एकटी बसने बाजारात जाते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. एका म्हातारीने आपल्या अंगणातल्या कोंबड्यांना स्वेटर विणले. आमच्याच कॅम्प पाचमधल्या एका दुकानावर पाटी होती, ‘आमची कुठेही शाखा नाही, हीसुद्धा शाखाच आहे.’ अशी एखादी गोष्ट सापडली की माझा दिवस चांगला जायचा.

सापडलेली गोष्ट मी आमच्या बुद्धविहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, ‘विचित्र पण खरं.’ हा माझा शिक्का. बाकीचे लोक सकाळी उठून फुलं पाठवतात, लिंबाच्या रसाने कॅन्सर बरा करतात, तसलं मला चालायचं नाही. ग्रुपवर कुणी टाकलं की मी चारचौघांत खरडपट्टी काढायचे. एकदा पावसाळ्यात बारवी धरणाला तडा गेल्याचा मेसेज सगळीकडे फिरला. बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्यात लोक सामान माळ्यावर चढवायला लागले. माझ्या ओळखीच्या एक मावशी धरणाजवळच्या पाड्यावर राहतात. त्यांना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, “कसला तडा गो? मी आताच म्हशी धून आलू.” मी ते तसंच्या तसं ग्रुपवर टाकलं आणि त्या दिवसापासून माझं नाव झालं. ताईने टाकलं म्हणजे तपासून टाकलं. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

ग्रुप काकांनी काढलेला. काका म्हणजे माझ्या अंबरनाथच्या माहेरचे, वडिलांचे मित्र. दोघं तिथल्याच एका कारखान्यात, एकाच पाळीत. काका तेव्हा भरपूर प्यायचे. सुट्टी झाली की माझे वडील त्यांना दंडाला धरून घरी पोचवायचे आणि मग आपल्या घरी यायचे, म्हणून आमचं जेवण नेहमी उशिरा व्हायचं. बावीस वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला काकांनी विहारात उभं राहून सगळ्यांसमोर पंचशील घेतलं. त्यातलं पाचवं शील नशापाणी न करण्याचं. त्यानंतर थेंब नाही. हळूहळू तेच दुसऱ्यांना शील द्यायला लागले, नामकरणं करायला लागले, लग्नं लावायला लागले. माझं लग्नही त्यांनीच लावलं. कुणाचा नवरा फार प्यायला लागला की बायका त्याला काकांकडे घेऊन यायच्या. काका उपदेश करायचे नाहीत. स्वतःचीच जुनी कहाणी सांगायचे, अगदी गटारात पडल्यापर्यंत.

माझ्या गमतींचे सगळ्यात चांगले वाचक तेच. बाकीचे लोक हसणारी तोंडं टाकून मोकळे व्हायचे. काका पूर्ण वाक्यात विचारायचे. ‘बकरीचं तिकीट कोण काढतो?’ ‘कोंबड्यांना उन्हाळ्यात स्वेटर काढून ठेवतात का?’ आणि कुणी शिडीवरून पडल्याचा, केळ्याच्या सालीवरून घसरल्याचा व्हिडिओ असला की काकांचा एकच प्रश्न, ‘त्याला लागलं का?’ त्यावरून ग्रुपवर त्यांची खूप थट्टा व्हायची. मीसुद्धा करायचे. काका, अहो ते हसण्यासाठी आहे, असं मी लिहायचे आणि ते लिहायचे, ‘हसलो, बाळ. पण लागलं का?’

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्याकडे लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात. त्यात डायबिटीसवाले असतात. काही जण घाबरून गोळी घेऊन येतात आणि खाऊन मात्र येत नाहीत. रांगेत बसल्या बसल्या त्यांची साखर उतरते. घाम फुटतो, जीभ जड होते, पाय भलतीकडे पडतात, काही जण तर अंगावर धावून येतात. महिन्याला एक तरी असा असतो. एका सिंधी आजोबांनी माझ्या टेबलावरची नळ्यांचा ट्रे उचलून “ये मेरी है” म्हणत जिन्याची वाट धरली होती. नवीन माणसाला वाटेल पिऊन आलेत. मी त्यांना खाली बसवलं, ग्लुकोज पाजलं, आणि पंधरा मिनिटांत ते शरमून माझी माफी मागत होते. मी हे लांबून ओळखते. आमचे डॉक्टर म्हणतात, मशीनच्या आधी तुला कळतं.

ती पावसाळ्यातली, वर्षावासातली पौर्णिमा होती. मला लॅबमध्ये जास्तीची ड्यूटी लागली, म्हणून विहारात गेले नाही. रात्री साडेआठला घरी येऊन भेंडी चिरायला घेतली आणि भेंडी चिरता चिरता मोबाइल उघडला. आपल्या भागातले हसवणारे व्हिडिओ टाकणारं एक पेज मी बघायचे. त्यावर तासाभरापूर्वीचा नवा व्हिडिओ होता, अंबरनाथ पूर्वेचा. कुणीतरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेला. खाली रस्त्यावर पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेला एक माणूस. विजेच्या खांबाला धरून त्याने एक गिरकी घेतली. मग खांबाला हात जोडले. एक चप्पल निसटली, ती शोधायला वाकला तो एका कुत्र्यासमोर बसला आणि कुत्र्याला काहीतरी विचारायला लागला. चेहऱ्यावर व्हिडिओवाल्याने हसणारं गोल तोंड चिकटवलेलं होतं. मागे लग्नाचा बँड लावलेला. वर लिहिलं होतं, ‘चाचा का पार्टी टाइम.’ सगळा मिळून चाळीस सेकंदांचा प्रकार.

मी इतकी हसले की विळी बाजूला ठेवावी लागली.

मग ग्रुपवर टाकला. आणि नुसता टाकला नाही. पौर्णिमेला आमच्याकडे पांढरे कपडे घालतात, तेवढं मला बरोबर दिसलं होतं. मी लिहिलं, ‘पौर्णिमेचे उपासक बघा, शुभ्र वस्त्रांत, फुल्ल टाइट. अंबरनाथ पूर्व. विचित्र पण खरं.’ धरणाच्या तड्यासाठी मी फोन केला होता. यासाठी काही केलं नाही. आपल्याच गावचा रस्ता, दारुडा दारुड्यासारखाच चालतोय, त्यात तपासायचं काय.

हसणारी तोंडं धडाधड आली. काकांचा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत होते, आणि आला की काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. प्रश्न आला नाही. थोड्या वेळाने काकांच्या मुलाने ग्रुप सोडल्याची ओळ दिसली. मला वाटलं, त्याला जोक झोंबला. झोंबू दे म्हटलं, आणि भाजी फोडणीला टाकली.

सकाळी सहाला काकांच्या सुनेचा फोन. “ताई, पप्पा उठतच नाहीयेत. हाक मारली तर घोरल्यासारखा आवाज येतोय. घामाने अंथरूण ओलं झालंय. साखर घालू का तोंडात?”

साखर हा शब्द तिने उच्चारला आणि माझ्या डोक्यात तो पांढरा शर्ट, तो खांब, ते कुत्रं सगळं एका क्षणात जागेवर बसलं. मी तिला म्हटलं, “तोंडात काही घालू नको, श्वासात जाईल. काल जेवले होते का?”

“बारानंतर नाही. अष्टशील होतं ना त्यांचं.”

पौर्णिमेला काका अष्टशील पाळायचे. दुपारी बारानंतर अन्नाचा कण घ्यायचा नाही, फक्त पाणी. वर्षानुवर्षं पाळत आले होते. डायबिटीस मात्र दोन वर्षांपूर्वीच निघाला होता, माझ्याच लॅबमध्ये.

“आणि गोळी?” मी विचारलं.

“गोळी घेतली ना काल संध्याकाळी सहाला. नेहमीची. म्हणाले, गोळी म्हणजे अन्न नाही. चुकवली तर लॅबवाली रागावते.”

लॅबवाली म्हणजे मी. एरवी पौर्णिमेला ते संध्याकाळची गोळी सोडायचे, म्हणून मागच्याच महिन्यात रिपोर्ट हातात देताना मी त्यांना दटावलं होतं, काका, जेवण एकवेळ मागेपुढे झालं तरी चालेल, गोळी चुकवायची नाही. मी डॉक्टर नाही. मला असलं बोलायचा काही अधिकार नव्हता, आणि त्या गोळीच्या बाबतीत तर हे उलटं आहे. जेवायचं नसेल तर ती घ्यायचीच नसते. पण मला सगळं कळतं असा माझा रुबाब, आणि काका असे की सांगितलेलं शब्दशः पाळणार. त्यांनी शीलही पाळलं आणि माझंही ऐकलं.

हॉस्पिटलात त्यांच्या बोटाला टोचून मशीन लावलं तेव्हा त्यावर आकडा आलाच नाही, नुसतं ‘लो’ आलं. आकडा दाखवण्याइतकीही साखर अंगात नव्हती. किती तास नव्हती, ते डॉक्टरांनी विचारलं. सून नवऱ्याकडे बघायला लागली.

पॅसेजमध्ये काकांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, अंबरनाथलाच एका कंपनीत सुपरवायझर. तो आपण होऊन बोलायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता.

“तुमचा व्हिडिओ बघितला ताई. चेहरा झाकलेला होता तरी चालण्यावरून ओळखलं. पँट मीच घेतलेली. पळत गेलो. रिक्षा स्टँडजवळ बसले होते, लोक हसत होते. मी दंडाला धरून आणलं. काहीतरी बोलत होते, कळत नव्हतं. मी बोललो, झोपा गुमान, सकाळी बघतो तुमच्याकडे. बाहेरून कडी लावली.”

“वास घेतलास का?”

“घेतला ना. नव्हता. मनात बोललो, हल्ली बिनवासाची पण भेटत असेल. लहानपणी असेच यायचे ना ते. मी पलंगाखाली लपायचो. सगळं डोक्यात आलं एकदम.”

मग तो म्हणाला, “आणि तुम्ही टाकलेलं. तुम्ही चेक केल्याशिवाय टाकत नाही.”

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच त्याची बाजू सांगत होता. त्याच्या जागी कुणीही असता तर माझ्यावर विश्वास ठेवला असता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. चाळीस सेकंदांत मी एकदा जरी माझे डोळे वापरले असते तर ग्रुपवर लिहिलं असतं, हा प्यायलेला नाही, पळा, याच्या तोंडात साखर घाला. तेव्हा ते गिळू शकत होते. चार चमचे साखरेचं काम होतं.

काका वाचले. अकरा दिवसांनी घरी आले. उजवा हात थरथरतो, बोलताना शब्द मध्येच अडतो, आणि आठवण जागोजागी गळली आहे. नातवंडांची नावं सापडतात, पण लग्नात म्हणायची गाथा अर्ध्यावर सुटते. त्या संध्याकाळचं तर काहीच नाही. पाण्याबरोबर गोळी घेतली, फेरफटका मारायला जिना उतरले, एवढं आठवतं. त्यानंतर थेट हॉस्पिटलचं छत.

मी ग्रुपवरचा मेसेज त्याच दिवशी पुसला होता. पण लोकांनी त्याला जी उत्तरं दिली होती, त्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर माझं वाक्य बारीक अक्षरांत तसंच राहिलं. फुल्ल टाइट. विचित्र पण खरं. त्यांना एकेकाला ते पुसायला सांगत बसले. मग मोठा खुलासा लिहिला. ते काका होते, ती दारू नव्हती, साखर उतरली होती, चूक माझी. त्यावर हात जोडलेले आले, ‘काका लवकर बरे व्हा’ आलं, आणि एकाने पौर्णिमेच्या पुढच्या कार्यक्रमाची वर्गणी विचारली. खुलासा कुणी पुढे पाठवला नाही. कशाला पाठवतील, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. व्हिडिओ मात्र फिरतच होता. महिन्याभराने लॅबमध्ये आमच्या काउंटरवर बसणाऱ्या सिंधी मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला, “ये देख ना, कितना फनी है.” तोच खांब, तोच बँड, आता गाव बदललं होतं, कुणीतरी वर भलत्याच शहराचं नाव घातलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या लगेच गंभीर झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग हळूच म्हणाल्या, “पर मैंने तो आगे भेज दिया.”

काकांपासून घरच्यांनी तो लपवला होता. लपवून किती लपवणार. कुणीतरी तब्येतीची चौकशी करताना पाठवलाच, ‘काका, हे तुम्हीच का?’ असं विचारून. त्यानंतर काकांनी विहारात शील द्यायचं बंद केलं. तब्येत बरी नाही म्हणाले. सगळ्यांना ते पटलं.

एका रविवारी सुनेने मला बोलावून घेतलं. “ताई, ते रोज संध्याकाळी कुठेतरी जातात. विचारलं तर सांगत नाहीत. तुम्हीच बघा.” मी गेले. काकांनी मला समोर बसवलं, सुनेला चहा टाकायला आत पाठवलं आणि मोबाइल पुढे केला. व्हिडिओ लावलेला होता, आवाज बंद करून.

“खरं सांग मला, पोरी. मी प्यायलो होतो?”

“नाही काका. साखर उतरली होती. मशीनवर लो आलं होतं. हॉस्पिटलचा कागद आहे तुमच्याकडे.”

“कागद दुसऱ्या दिवशीचा आहे. हे आदल्या दिवशीचं आहे.” ते स्क्रीनवर बोट ठेवून होते. “मला माझं चालणं माहीत आहे. मी पिऊन असाच चालायचो. तुझ्या बाबांना विचार.” माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या ते लक्षात आलं, मग म्हणाले, “असते तर सांगितलं असतं त्यांनी.”

मी त्यांना सगळं समजावलं. गोळी काय करते, उपाशी पोटात काय होतं, लॅबमध्ये येणाऱ्या त्या आजोबांचं. चूक माझी होती, गोळीचं मी चुकीचं सांगितलं होतं, हेही सांगितलं. तेव्हा मला रडू आलं. त्यांनी थरथरत्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

“तू चांगली आहेस. मुलगा पण हेच बोलतो, डॉक्टर पण. सगळे माझ्यासाठी बोलतात. पण त्या दिवशी माझं तोंड झाकलेलं होतं. मी आहे हे तुला माहीत नव्हतं. तेव्हा तू जे लिहिलंस ते खरं असणार.”

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते की माझ्यावर विश्वास ठेवू नका, आणि नेमका तोच माणूस ऐकत नव्हता.

चहा झाल्यावर ते उठले, चल म्हणाले. रोज कुठे जातात ते मला तेव्हा कळलं. व्हिडिओतल्या त्या रस्त्यावर देशी दारूची दुकानं किती आहेत ते त्यांना पूर्वीपासून पाठ होतं. प्रत्येकात जाऊन ते विचारत होते, पौर्णिमेला मी इथे आलो होतो का. दोन ठिकाणी हाकलून दिलं होतं, एकाने बसवून घेऊन फुकट पाजायची तयारी दाखवली होती. आता एकच दुकान उरलं होतं. मला वाटलं, बरंच झालं. तिथला माणूस नाही म्हणेल, मी साक्षीला असेन, आणि ही पीडा संपेल. म्हणून मी त्यांना अडवलं नाही. उलट पुढे होऊन मीच जाळीपाशी उभी राहिले. आतले लोक बघायला लागले. बाई जाळीपाशी आली म्हणजे नवऱ्याला शोधायला आली असणार.

काकांनी विचारलं. व्हिडिओतला माणूस दुकानोदुकानी विचारत फिरतोय हे गल्ल्यावरच्या माणसाच्या कानावर आलं असावं; तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खांबाच्या गिरकीसारखा हात फिरवून म्हणाला, “अरे, ये तो वो चाचा है. डान्सवाले.”

मी म्हटलं, “भैया, इनको बोलो ये यहाँ नहीं आये थे. ठीक से याद करो.”

“आये होंगे, मैडम. उस दिन बहुत भीड़ था. सब इधर ही आते हैं.” आणि काकांकडे बघून हसला, चांगल्या मनाने हसला, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसा. “हाँ चाचा, आये थे. सफेद शर्ट ना? आये थे.”

शर्ट त्याने व्हिडिओत बघितला होता. मी तिथेच त्याच्यावर तोंड सोडलं. खोटं बोलतोस, तुला काय माहीत, कुणी सांगितलं तुला. तो बिचारा गोंधळून गेला. आपण काय वाईट केलं ते त्याला कळेना. काकांनी त्याला दोन्ही हात जोडले आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

रस्त्यावर आल्यावर ते पहिल्यांदाच नीट श्वास घेत होते. “बरं झालं,” म्हणाले. “काही माहीतच नव्हतं, त्याचा जास्त त्रास होता.”

“काका, त्याने तुम्हाला बघितलेलंच नाही. तो व्हिडिओवरून बोलतोय. खोटं बोलतोय तो.”

“तो कशाला खोटं बोलेल?” काका म्हणाले. “मी कोण लागतो त्याचा?”

त्यांना घरी सोडून मी बदलापूरला आले. जेवले नाही. काकांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता राहू द्या ताई. जास्त बोललं की जास्त खात्री होते त्यांची.”

पुढच्या पौर्णिमेला मी विहारात लवकर गेले. काका पांढऱ्या कपड्यांत आले आणि पुढे त्यांच्या जागेवर न बसता शेवटच्या ओळीत, नव्याने शील घेणाऱ्यांमध्ये बसले. मुलगा त्यांच्या शेजारी बसला. शील द्यायला त्यांचाच एक शिष्य होता, काकांनीच तयार केलेला. सुरुवात करण्याआधी काका हात टेकवत उठले. म्हणाले, “माझ्याकडून पाचवं शील मोडलं आहे. मला ते पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं आहे.” शब्द मध्ये दोनदा अडला, पण वाक्य त्यांनी पूर्ण केलं. कुणी हसलं नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या. कबूल करायला मोठं काळीज लागतं, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली.

मी उभी राहिले. म्हटलं, “यांनी काही मोडलेलं नाही. हे आजारी होते. मी खोटं पसरवलं होतं.” सगळ्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. काकांनीही. शिष्य म्हणाला, “ताई, बसा. तुमची भावना कळते आहे सगळ्यांना.” शेजारच्या बाईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

मग शील सुरू झालं. तो एकेक म्हणायचा आणि आम्ही त्याच्यामागून म्हणायचो. हिंसा करणार नाही, हे म्हटलं. चोरी करणार नाही, म्हटलं. तिसरं म्हटलं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. माझा आवाज फुटला नाही. ओठ हलवत राहिले आणि बाकीच्यांच्या आवाजात ते खपून गेलं. लगेच पाचवं आलं. त्याला मागच्या ओळीतून काकांचा आवाज सगळ्यांच्या वर आला, न अडखळता.